संक्रांतीला कलमांना पोटभर पाणी घातलं... घोळ झालाय का?

ओटीपडवी | १४ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. आजी गेल्यापासून घर सहा वर्षं बंदच, म्हणजे गणपतीला पाच दिवस उघडायचं, कोळीष्टकं काढायची आणि परत कुलूप. यंदा मी आणि नवऱ्याने ठरवलं की महिन्यातून दोन वीकेंड तरी जायचंच आणि वाडी हातात घ्यायची. पुण्याहून कुंभार्ली घाटातून सहा-साडेसहा तास लागतात, पाठीचं काय होतं ते विचारू नका. वाडी अठ्ठावीस गुंठे. आजोबांनी लावलेली अकरा कलमं (सगळी हापूस असं आई म्हणते पण दोन पायरी असावीत), माड सतरा, पोफळी मोजल्या तर ६३ भरल्या, दोन रातांबे, एक कापा फणस, आणि गडग्यापलीकडे (म्हणजे दगडी कुंपणापलीकडे) सड्याला, कातळाच्या माळाला, लागून मोकळा तुकडा ज्यात गवत माझ्या छातीपर्यंत आहे.

संक्रांतीला जोडून रजा टाकली आणि चार दिवस नुसती राबले. सगळ्या वाडीतला पातेरा खराट्याने झाडून काढला, सहा वर्षांचा होता, खालचा थर काळा भुसभुशीत झालेला. मोठे मोठे ढीग झाले, ते संध्याकाळी पेटवून दिले. खालची जमीन अशी लख्ख दिसायला लागली की आजीला आवडलं असतं असं वाटलं. मग बघितलं तर जमीन खडखडीत कोरडी, कलमांची पानं पण मलूल, म्हणून विहिरीला पंप लावून, आळी करून कलमांना पोटभर पाणी सोडलं. पाइप सहाच कलमांपर्यंत पोचला, उरलेली पाच गडग्याकडची, ती राहिली. पुढच्या वेळी जास्त पाइप आणणार आहे.

आता प्रश्न. विहिरीत आज आठ हात पाणी आहे, मेपर्यंत पुरेल का? परसात आत्ता भाजी काय लावता येईल? आणि मोहोर साधारण कधी येतो?

---

तिरफळ | १५ जानेवारी, सकाळी ६:१२

अगो बाये, कलमांक पाणी घालूक तुका कोणी सांगल्यान? आता मोहोराची वाट बघत बसशीत आणि हाती गावतली पालवी!

---

ओटीपडवी | १५ जानेवारी, सकाळी ७:०५

म्हणजे?? झाड सुकतंय तर पाणी घालायचं नाही??

---

तिरफळ | १५ जानेवारी, सकाळी ७:३०

सुकत नाहीये ते, थांबलंय. आता सरळ मराठीत सांगतो नाहीतर पुणेकरांना कळायचं नाही.

पाऊस गेला की जमिनीतली ओल हळूहळू उतरते, वर रात्रीचा गारवा सुरू होतो. या दोन्हीने कलमाची वाढ थांबते, नवीन पान काढायचं सोडून देतं आणि मग डोळ्यातून मोहोर येतो. ह्याच टायमाला तू आळं भरून पाणी दिलंस तर त्याला वाटणार पाऊस आला, चला पानं काढूया. माझा बापूस म्हणायचा, दिवाळीपास्न कलमाकडे बघायचं नाही. बघायचंच असलं तर मान वर करून, बादली घेऊन नाही.

टोकांचे डोळे कसे दिसले होते सांग. फुगून गोल झाले होते की अजून टोकदार बारीक होते?

---

ओटीपडवी | १५ जानेवारी, सकाळी ९:५०

डोळे बघितलेच नाहीत हो काका :( मी खाली बघत होते, खराटा घेऊन.

---

संत्रावाला | १५ जानेवारी, दुपारी १:२०

ताई, मी वरूडचा, आंब्यातलं मला काही कळत नाही पण तिरफळ काका म्हणतात ते अगदी खरं आहे कारण आमच्याकडे संत्र्याचा सगळा कारभारच ह्या ताणावर चालते. आंबिया बहार घ्यायचा म्हटलं की डिसेंबरपासून बागेचं पाणी पूर्ण तोडतात, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात, हलक्या जमिनीत कमी. पानं पिवळी पडतात, काही गळतात, बाहेरच्या माणसाला वाटते बाग मेली. मग जानेवारीत हलकं ओलीत देऊन ताण तोडला की झाड पांढरं होते फुलांनी, वास असा येते की रस्त्यावर गाडी थांबवावी. पहिल्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी मला बागेत सोडलं तेव्हा मी पण दया येऊन मधातच पाणी दिलं होतं. ते मला काही बोलले नाही. आठ दिवस काहीच बोलले नाही.

---

सड्यावरचा | १५ जानेवारी, रात्री ९:१५

मी तुमच्याच तालुक्यातला, शृंगारतळीपासून जवळ, दोनशेच्या आसपास कलमं आहेत. पाणी घातलंत ते घातलंत, आता परत घालू नका एवढं करा. पाइप आणू नका. गडग्याकडची पाच वाचली तुमची.

पातेरा काढलात ते मात्र बरं केलंत. आमच्याकडे फुरसं आहे, विषारी साप. तुमच्या पायाच्या अंगठ्याएवढं जाड आणि हातभर लांब, पातेऱ्याच्या रंगाचं, दिसतच नाही. अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं तो ऐकायला शिका. गमबूट आणि काठी असल्याशिवाय पातेऱ्यात हात घालू नका, आणि चावलं तर मंत्रवाल्याकडे नाही, पहिलं सरकारी दवाखान्यात, लस तिथे असते, एकच लस नाग मण्यार घोणस फुरसं चारींवर चालते.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री | १५ जानेवारी, रात्री ११:००

मी दापोलीच्या विद्यापीठातून शिकलेय त्यामुळे थोडी लुडबूड करते. सापाचं मान्य, पण पातेरा जाळलात ते बरं केलंत असं मी नाही म्हणणार. सड्यावरचा दादा, रागावू नका.

आपली जमीन जांभ्याची. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी चैत्रात विहिरी तळाला, कारण पाणी धरून ठेवायला मातीत काही नाही, सगळं गाळणीतून गेल्यासारखं खाली जातं. धरून ठेवणारी एकच गोष्ट वाडीत फुकट मिळते ती म्हणजे तो काळा भुसभुशीत थर जो ताईंनी जाळला. सहा वर्षं तयार होत होतं ते खत!

आणि दुसरं, हापूसमधला साका. वरून आंबा देखणा आणि कापला की आत पांढरा स्पंजासारखा आंबट गोळा. तो किडीने किंवा रोगाने होत नाही, तापलेल्या उघड्या जमिनीतून जी धग वर येते त्याचा त्यात मोठा हात आहे. कलमाखाली पातेरा किंवा गवत पसरलेलं असेल तर साका कमी होतो हे प्रयोगात दिसलंय. (रत्ना लावला तर साक्याची कटकटच नाही, नीलम आणि हापूसचा संकर आहे, विद्यापीठाने १९८१ साली दिला. पण गावात कोणाला रत्ना म्हटलं की नाक मुरडतात.)

---

सड्यावरचा | १६ जानेवारी, सकाळी ५:४०

रागावलो नाही. पण प्रयोग फार्मवर होतात, तिथे चारी बाजूंनी माणसं असतात. ह्यांची वाडी बंद घर आणि मागे सडा. फाल्गुनात वणवा आला की पातेरा म्हणजे पेट्रोल. एवढंच.

---

पोपटीवाला | १६ जानेवारी, दुपारी १२:३०

साका, वणवा, फुरसं... कोणी भाजीचं सांगणार आहे का त्यांना? :D

ताई मी रोह्याचा. भाताच्या उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा हंगाम गेला तुमचा, तो भात कापल्याबरोबर टाकतात, आमचे वाल आता शेंगेवर आलेत. तुम्ही आता जानेवारीच्या शेवटाला उन्हाळी भाजी धरा: भेंडी, काकडी, दुधी, लाल माठ, मिरचीची रोपं. महिन्यातून दोनदाच जाणार असाल तर लाल माठ सोडून बाकी सगळं विसरा हे माझं प्रामाणिक मत. भेंडी दोन दिवसाआड तोडावी लागते, पंधरा दिवसांनी गेलात की दोरखंड झालेली असते.

आणि ह्या दिवसांत रोह्याला येऊन पोपटी खाऊन जा. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी किंवा कोंबडी, तोंडाला परत पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवून वर पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही आत. भांबुर्ड्याचा वास दुसऱ्या दिवशी बोटांना येतो.

---

नावात_काय | १६ जानेवारी, दुपारी १२:४१

हा धागा पाककृतीत हलवा.

---

केंटवाली | १६ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

हेवा वाटतोय सगळ्यांचा. इथे इंग्लंडात आत्ता साडेचारलाच अंधार, मातीत फावडं घातलं तर चिखलाचा गोळा निघतो. आमच्याकडे भाडेपट्ट्याचा छोटा तुकडा आहे भाजीचा, पण जानेवारीत काम म्हणजे बियांची पाकिटं लावत बसणं. फेब्रुवारीत बटाटे अंड्याच्या खोक्यात उभे करून खिडकीत ठेवायचे, डोळे वर करून, म्हणजे कोंब जाड येतात, आणि मार्चअखेर लावायचे. शेजारच्या तुकड्यावरचे म्हातारे आजोबा झाडांची पडलेली पानं काळ्या पिशव्यांत भरून भोकं पाडून दोन वर्षं कोपऱ्यात ठेवून देतात. दोन वर्षांनी काळी माती होते, ती ते मलाही मोजून एक घमेलं देतात. ताईंनी सहा वर्षांचा पातेरा जाळला हे मी त्यांना सांगणार नाही, त्यांना सहन व्हायचं नाही.

---

ओटीपडवी | ८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मंडळी, आज दुपारी पोचलो. अहवाल देते.

गडग्याकडची पाच कलमं, जिथे पाइप पोचला नव्हता, ती पाचही मोहोरलीत! घमघमाट. आणि मी पाणी घातलेल्या सहांपैकी चार कलमं लाल-तांबूस कोवळ्या पानांनी लदलेली, इतकी सुंदर दिसतायत की रडू येईल. दोन अर्धी अर्धी, विहिरीच्या बाजूला पालवी आणि पलीकडच्या अंगाला मोहोर. नवरा म्हणाला तू प्रयोग केलास असं समज, कंट्रोल ग्रुप पण आहे.

तिरफळ काका, आज मान वर करून बघितलं बरं का.

एक गोष्ट विचारायची आहे. मोहोरलेल्या कलमाखाली गेलं आणि फांदीला हात लागला की बारीक चटचट आवाज येतो, पावसाचे चार थेंब पानावर पडावेत तसा, आणि काहीतरी करडं उडून परत मोहोरावर बसतं. खालची पानं चिकट, तेल लावल्यासारखी चकाकतात. हे काय आहे?

विहीर: दोरीला हाताहातावर गाठी मारल्यात. साडेसहा हात.

---

सड्यावरचा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

तुडतुडे. तो चिकटा त्यांचाच. त्याच्यावर काळी बुरशी चढते, काजळी म्हणतो आम्ही, मग पान काळं पडतं. सकाळी उठून मोहोराच्या दांड्यावर पांढरी पिठी आहे का बघा, असली तर ती भुरी, वेगळी.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३५

भुरी असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. तुडतुड्यांसाठी कुठलं औषध ते इथे नाव वाचून मारू नका, विद्यापीठाचं फवारणी वेळापत्रक दरवर्षी निघतं, तालुक्याच्या कृषी कार्यालयात मिळतं, मोहोराच्या कुठल्या अवस्थेला काय ते त्यात लिहिलेलं असतं. मोहोर पूर्ण उमललेला असेल तर फवारणी थांबवा, माश्या-मधमाश्या येत असतात, त्या मेल्या तर फळ धरणार कोण.

आणि कंट्रोल ग्रुपबद्दल :) पाण्याचा दोष आहेच पण सगळा नाही. हापूस एकाआड वर्ष धरतो. गेल्या वर्षी ती चार कलमं लदली असतील तर यंदा तशीही पालवीवरच गेली असती. गेल्या वर्षी बघायला कोणी नव्हतं ना?

---

ओटीपडवी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४४

कोणी नव्हतं. जरा बरं वाटलं, थँक्यू. पण मी माझ्या पंपालाच धरणार आहे, लक्षात राहील.

---

तिरफळ | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:००

गेल्या वर्षी वानरांनी बघितलं असेल. त्यांना विचार.

---

ओटीपडवी | २३ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

आज सकाळपासून पोफळीत काम केलं. शेजारच्या तात्यांनी दाखवलं की कडेच्या पोफळींची खोडं नैर्ऋत्येच्या अंगाने भाजून उभी चिरलीत, दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट लागतं म्हणून. पूर्वी तिथे केळी होत्या सावलीला, त्या गेल्या. तात्यांनी गळून पडलेल्या विऱ्या (पोफळीच्या झावळीचा खोडाकडचा रुंद भाग) घेतल्या, उलगडून खोडाला उन्हाच्या बाजूने लावल्या आणि सुंभाने बांधल्या, लहान मुलाला टापशी बांधावी तशा. चौदा झाडं बांधली. मला एकही गाठ नीट जमली नाही, माझ्या सगळ्या त्यांनी सोडून परत मारल्या, एक शब्द न बोलता.

मोहोरलेल्या पाच कलमांना वाटाण्याएवढी कैरी धरलीय. आणि बीएस्सी ताई, तुझं ऐकून ह्या पाचांखाली पातेरा परत पसरलाय, बांधावरचा आणि फणसाखालचा गोळा करून, चांगला वीतभर.

विहीर पाच हात. मला आता धडकी भरलीय. पोफळीला पाटाने पाणी सोडतो आठवड्यातून दोनदा (तात्या सोडतात), माड आहेत, आणि आता कलमांना पण पाणी लागणार ना? की अजून नाही? मला आता पाण्याचं नाव काढायची भीती वाटते.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

आता द्या! फळ वाटाण्याएवढं झालं की पाणी चालतं, उलट गळ कमी होते. झाडाला दीडशे ते दोनशे लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने, तीन-चार पाळ्या. बुंध्याशी नाही, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या जरा आत गोल. काढणीच्या महिनाभर आधी बंद. पालवीवाल्यांना काही नको.

विहिरीचा व्यास किती आहे?

---

ओटीपडवी | २३ फेब्रुवारी, रात्री ८:००

दहा फूट धरा.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री | २३ फेब्रुवारी, रात्री ८:२५

मग एक हात (दीड फूट) म्हणजे साधारण ३३०० लिटर. पाच कलमं गुणिले दोनशे, हजार लिटर पंधरा दिवसातून एकदा. तुमच्या दोरीवर एक तृतीयांश हात पण नाही. विहीर कलमं नाही खात आहेत ताई. एकदा हे करून बघा: संध्याकाळी उपसा थांबला की दोरी टाका, सकाळी परत टाका. झरा रात्रीत किती भरतो ते कळेल. आणि पाट किती लांब आहे, कच्चा आहे का?

---

ओटीपडवी | ९ मार्च, रात्री ११:५०

झोप येत नाही म्हणून लिहितेय.

आज दुपारी अडीचच्या सुमाराला आग लागली. सड्याखालच्या एका शेतात भाजावळ (पेरणीआधी शेतात पाला-गवत पसरून जाळतात ती) लावलेली, कोणाची ते लिहीत नाही, गावात राहायचंय. दुपारी खारा वारा सुटला आणि राबाची आग गवताला लागली, गवतातून गडग्यापर्यंत यायला पाच मिनिटं पण लागली नसतील. छातीएवढं गवत, मी जानेवारीपासून म्हणतेय कापू कापू. पंप लावायला धावलो तर लाइट गेलेली. वाडीतली सगळी माणसं ऐनाचे टहाळे घेऊन आली आणि झोडपून झोडपून विझवली, बायका कळशीने पाणी आणत होत्या. मी पण झोडपलं, हाताला फोड आलेत.

गडगा दगडी म्हणून बरं, आग बरीचशी तिथेच अडली. पण कोपऱ्यातल्या कलमाखालचा पातेरा वाऱ्याने उडून गडग्याला लागून साचला होता, ठिणगी त्यात पडली आणि तिथून आग कलमाखाली आली. मी वीतभर पसरलेला पातेरा. एका बाजूच्या फांद्या शेंड्यापर्यंत भाजल्यात, गोटीएवढ्या कैऱ्या होत्या त्या उकडल्यासारख्या होऊन लटकतायत. पाचातलं सगळ्यात भरलेलं कलम होतं ते.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री | १० मार्च, सकाळी ६:३०

ताई, फार वाईट वाटलं. पातेरा पसरायला मी सांगितलं आणि बांधाकडचा पट्टा मोकळा ठेवा हे नाही सांगितलं. ते पहिलं सांगायला हवं होतं. सड्यावरचा दादा सांगत होते.

---

सड्यावरचा | १० मार्च, सकाळी ७:१०

माझं बरोबर तुझं चूक असं काही नाही ह्यात. मी स्वतः आतल्या कलमांखाली पातेरा ठेवतो, गेल्या महिन्यात बोललो नाही एवढंच. भाजावळ करायची तर पहाटे, वारा पडलेला असताना, आणि पाणी भरून ठेवून. ज्याने दुपारी लावली त्याला हे माहीत नाही असं नाही.

ओटीपडवी ताई, आता हे करा. गडग्याच्या आतून बाहेरून दहा-दहा फूट पट्टा खरवडून काढा, काडी नको, ह्याला जाळरेषा म्हणतात. भाजलेल्या फांद्यांना आत्ता करवत लावू नका, गावातला कोणीतरी येईल म्हणेल कापून टाकूया, ऐकू नका. नखाने साल जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी असेल तर गेली. पावसाळ्यात पालवी कुठून फुटते ते बघून मग कापा आणि कापलेल्या जागेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा. खोड काळं पडलं असलं तरी घाबरू नका, कलमाची साल जाड असते.

---

तिरफळ | १० मार्च, सकाळी ८:००

हाताक खोबऱ्याचा तेल लाव बाये. आणि माणसां धावान इली ह्या लक्षात ठेव, शिमग्याक पालखी घराकडे येयत तेव्हा सगळ्यांका च्याय आणि नारळ दी.

---

केंटवाली | १० मार्च, दुपारी ३:४०

काळजी घे ग. फोडांना तेलबिल नको लावू काका म्हणतात म्हणून, फोडू पण नको, डॉक्टरला दाखव.

---

नावात_काय | १० मार्च, दुपारी ४:०५

ह्या वेळी विनोद नाही. बरं झालं माणसं सुखरूप.

---

ओटीपडवी | २२ मार्च, रात्री ८:४५

हात बरे आहेत, डॉक्टरकडे गेले होते (काका, रागावू नका). पालखी आली तेव्हा दारात साठ-सत्तर माणसं होती, चहा तीनदा टाकला. ज्यांची भाजावळ होती तेही आले होते. पालखी खांद्यावर घेऊन नाचवली त्यांनी आमच्या खळ्यात. नारळ त्यांच्याही हातात दिला, दुसरं काय करणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते विळा घेऊन गडग्याबाहेरचं उरलेलं गवत कापत होते. दोघंही काही बोललो नाही.

भाजलेल्या कलमाची साल नखाने बघितली. गडग्याकडच्या तीन फांद्या तपकिरी. चौथी खालून तपकिरी वाटली पण जरा वर सरकून खरवडलं तर आत ओलं, फिकट हिरवं निघालं, काकडीच्या सालीखाली असतं तसं. विहिरीकडचं अंग पूर्ण हिरवं आहे आणि त्या बाजूला अजून चाळीसेक कैऱ्या आहेत. बाकीच्या कलमांखाली मात्र रोज सकाळी कैऱ्यांचा सडा पडतोय, लिंबाएवढ्या, ही नेहमीची गळ आहे ना? गोळा करून लोणचं घातलं एक बरणी.

आता विहीर. साडेतीन हात. बीएस्सी ताई, तू सांगितलेलं केलं, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी दोरी टाकली, दोन वीकेंड. रात्रीत अर्धा हात भरते. म्हणजे सोळाशे लिटर. आणि तात्या ज्या दिवशी पाट सोडतात त्या दिवशी दोन हात खाली जाते! मी पाटाच्या कडेने चालत गेले बघायला. विहिरीपासून पोफळीपर्यंत सत्तर पावलं कच्चा पाट, मधे दोन ठिकाणी खेकड्यांची बिळं, पाणी तिथे गुळगुळ करत आत जातंय. पहिल्या पोफळीला पोचेपर्यंत प्रवाह निम्मा. पाटाच्या कडेचं अळू मात्र काय माजलंय, पान माझ्या सुपाएवढं.

---

पोपटीवाला | २२ मार्च, रात्री ८:५८

फदफदं करा.

---

सड्यावरचा | २२ मार्च, रात्री ९:१०

गळ नेहमीचीच. झाडाला जेवढं पोसायचं तेवढंच ठेवतं.

पाट बंद करा आणि सरळ पाइप टाका, पीव्हीसी, दोन इंची, वाडीत मधोमध नेऊन तिथून ठिबकच्या नळ्या फिरवा. पोफळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पुरे. त्रेसष्ट पोफळी म्हणजे हजार-बाराशे लिटर, ते तुमचा झरा रोज भरून देतोय. माडांचं उरतं, त्यांना चाळीसेक लिटर लागतं, ते दिवसाआड आलटून पालटून बसवा. ओढाताण होईल, पण मे निघेल.

---

ओटीपडवी | २२ मार्च, रात्री ९:३५

तात्यांना कसं सांगू पण? पन्नास वर्षं तो पाट ते सोडतायत. पहाटे पाणी सोडून पाटाच्या कडेला बसून बिडी ओढतात, ते त्यांचं... म्हणजे मला त्यांना दुखवायचं नाहीये.

---

तिरफळ | २२ मार्च, रात्री ९:५०

त्यांनाच विचार पाइप कुठून न्यायचा. ज्या माणसाने पन्नास वर्षं पाणी वळवलं त्याला उतार तुझ्या इंजिनीयर नवऱ्यापेक्षा जास्त कळतो. आणि पाट बुजवू नको, पावसाळ्यात पाणी बाहेर काढायला तोच लागणार आहे.

---

सड्यावरचा | २२ मार्च, रात्री ९:५८

बरोबर. पुढच्या शनिवारी मी शृंगारतळीला बाजाराला आहे, पाइप तिथूनच घेऊ, भाव करायला मी येतो. किती नळ लागतील ते मोजून ठेवा, एक नळ वीस फुटी असतो. सत्तर पावलं म्हणजे कोणाची पावलं, तुमची की तात्यांची?

---

ओटीपडवी | २२ मार्च, रात्री १०:०३

माझी. उद्या टेप लावून मोजते.